अमेरिकेतली निवडणूक नेमकी चालते कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या निवडणुकीच्या बातम्या आपल्यापर्यंत येतात त्या शेवटच्या टप्प्याच्या: दोन चेहरे, एक नकाशा, लाल (रिपब्लिकन) आणि निळी (डेमोक्रॅटिक) राज्यं. त्यामुळे सगळा निकाल नोव्हेंबरातल्या एका रात्री लागतो असा समज होतो. प्रत्यक्षात बहुतेक निर्णय त्याच्या कितीतरी आधी आणि फार खालच्या पातळीवर झालेले असतात: प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत), मतदारसंघाच्या रेषा आखताना, काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाच्या) कचेरीत. इथली उत्तरं मुद्दाम त्याच बाजूने लिहिली आहेत.

अमेरिकेत निवडणूक आयोग कुठे बसतो?

आपल्यासारखा आयोग तिथे नाहीच. आपल्याकडे दिल्लीहून तारखा जाहीर होतात, आचारसंहिता लागते आणि कलेक्टरपासून झेडपीच्या शिक्षकांपर्यंत सगळे कामाला लागतात. अमेरिकेच्या राज्यघटनेने निवडणूक घेण्याचं काम राज्यांवर सोडलं आणि बहुतेक राज्यांनी ते पुढे काउंटीवर सोडलं. काही ठिकाणी तर ते गावाकडे किंवा शहराकडे असतं. देशात तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत. मतपत्रिका छापणं, केंद्रं ठरवणं, माणसं नेमणं, मोजणी करणं ही सगळी कामं तिथले क्लार्क, म्हणजे निवडणुकीचे अधिकारी, आणि त्यांचा स्टाफ करतात. म्हणूनच एका राज्यात मतदानाला फोटो ओळखपत्र लागतं आणि शेजारच्या राज्यात लागत नाही. ओरेगनमध्ये मतपत्रिका टपालाने घरी येते, तर काही राज्यांत टपाली मतदानासाठी कारण द्यावं लागतं.

‘फेडरल इलेक्शन कमिशन’ नावाची संस्था आहे, पण तिचं काम प्रचाराच्या पैशापुरतं. मतदान आणि मोजणीशी तिचा संबंध नाही.

राज्याचा मुख्य निवडणूक अधिकारी बहुतेक ठिकाणी ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ असतो, आणि पुष्कळ राज्यांत तो स्वतःच पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो. जॉर्जियात २०१८ मध्ये ब्रायन केम्प या पदावर असतानाच गव्हर्नरपदाला, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारख्या पदाला, उभे राहिले आणि जिंकले. आपल्याला हे खटकतं, आणि माझ्या मते खटकायलाच हवं. पण त्याच जॉर्जियातली दुसरी गोष्टही सांगायला हवी. २०२० मध्ये जो बायडन तिथे ११,७७९ मतांनी जिंकले. जानेवारी २०२१ मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी तेव्हाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रॅड राफेन्सपर्गर यांना फोन करून ११,७८० मतं शोधायला सांगितलं. राफेन्सपर्गर त्यांच्याच पक्षाचे होते. त्यांनी नकार दिला. एवढ्या मोठ्या राज्याचा निकाल त्या दिवशी एका अधिकाऱ्याच्या नकारावर तगला.

मतदान मंगळवारीच का असतं?

१८४५ च्या कायद्यामुळे. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार असं त्यात ठरलं. तेव्हा देश शेतकऱ्यांचा होता: सुगी आटोपलेली, रविवार चर्चचा, काउंटीच्या गावापर्यंत घोडागाडीने जायला एक दिवस आणि बुधवारी बऱ्याच ठिकाणी बाजार. आज या मंगळवारी देशभर सुट्टी नसते. काही राज्यं ती देतात, बाकीचे लोक कामाला जाण्याआधी किंवा सुटल्यावर रांग लावतात. आधीच्या आठवड्यांत होणारं मतदान आणि टपाली मतदान एवढं वाढलं त्याचं हे एक मोठं कारण आहे.

अध्यक्षाला लोक थेट निवडतात का?

नाही. मतपत्रिकेवर नाव उमेदवाराचं असलं तरी मत जातं ते त्या राज्यातल्या इलेक्टरांना, म्हणजे अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींना. हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजमध्ये (संसदेच्या खालच्या सभागृहात) राज्याचे जितके सदस्य, त्यात सिनेटचे (वरच्या सभागृहाचे) दोन मिळवले की इलेक्टरांचा आकडा मिळतो. ४३५ अधिक १०० अधिक राजधानी वॉशिंग्टनचे ३, असे एकूण ५३८. बहुमत २७०.

४८ राज्यांत आणि राजधानीत ज्याला सर्वाधिक मतं त्याला सगळे इलेक्टर, मग मताधिक्य दहा लाखांचं असो की पाचशेचं. मेन आणि नेब्रास्का ही दोनच राज्यं काही इलेक्टर मतदारसंघानुसार वाटतात. डिसेंबरमध्ये इलेक्टर आपापल्या राज्याच्या राजधानीत जमून मत देतात, ६ जानेवारीला काँग्रेससमोर, म्हणजे तिथल्या संसदेसमोर, त्यांची मोजणी होते आणि २० जानेवारीला दुपारी बाराला शपथविधी होतो. कुणालाच २७० मिळाले नाहीत तर निवड हाउसकडे जाते आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असतं. १८२४ ची निवडणूक अशीच हाउसमध्ये गेली आणि जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले.

म्हणजे जास्त मतं मिळवूनही उमेदवार हरू शकतो?

हो, आणि अलीकडे दोनदा तसं झालं. २००० मध्ये अल गोर यांना देशभरात जास्त मतं होती, पण फ्लोरिडात जॉर्ज बुश ५३७ मतांनी पुढे राहिले आणि फेरमोजणी सर्वोच्च न्यायालयाने थांबवल्यावर अध्यक्ष झाले. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना सुमारे २९ लाख मतं जास्त मिळाली. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून ८० हजारांहून कमी मतांनी त्या मागे पडल्या, आणि सगळं तिथेच संपलं.

प्रचाराचं सगळं गणित यातून येतं. कॅलिफोर्नियाकडे ५४ इलेक्टर आहेत, पण तिथला कौल आधीच ठाऊक असल्याने उमेदवार तिथे येतात ते मुख्यतः देणग्या गोळा करायला. पेनसिल्व्हेनियाकडे १९ आहेत आणि तिथल्या लहान लहान गावांत उमेदवार पुन्हा पुन्हा जातात. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, मिशिगन, अ‍ॅरिझोना, विस्कॉन्सिन आणि नेवाडा या सात राज्यांवरच सगळा जोर होता. सातही ट्रम्प यांच्याकडे गेली आणि निकाल लागला ३१२ विरुद्ध २२६.

तिकीट कोण देतं? हायकमांड?

आपल्या वाचकाला सगळ्यात चकित करणारी गोष्ट हीच. तिकीट पक्षाध्यक्षाच्या हातात नसतं. ते प्रायमरीत मतदार देतात, आणि ही प्रायमरी बहुतेक ठिकाणी सरकारी यंत्रणाच घेते: तीच केंद्रं, तेच क्लार्क, तशाच मतपत्रिका. काही राज्यांत पक्षाचा म्हणून नोंदणी असलेल्या मतदारालाच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं, काही राज्यांत कुणीही कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतो.

नेतृत्वाला नको असलेला माणूसही असा पुढे येतो. २०१४ मध्ये हाउसमधले रिपब्लिकन बहुमताचे नेते एरिक कँटर व्हर्जिनियातली प्रायमरी डेव्ह ब्रॅट या प्राध्यापकाकडून हरले. २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ यांनी डेमोक्रॅटिक पक्षाचे वजनदार खासदार जो क्राउली यांना पाडलं. दोन्ही जागा एकाच पक्षाचं वर्चस्व असलेल्या होत्या, त्यामुळे खासदार कोण होणार हे जूनमध्येच जवळपास ठरलं होतं.

प्रायमरीला मतदान कमी होतं आणि येतात ते बहुतांशी पक्के, आग्रही मतदार. त्यामुळे पुष्कळ खासदारांना भीती विरोधी पक्षाची नसते, स्वतःच्या पक्षातल्या अधिक कडव्या उमेदवाराची असते. अमेरिकेचं राजकारण दोन टोकांना का ओढलं जातं याचं मला पटणारं पहिलं कारण हे आहे.

प्रायमरी हरल्यावर बंडखोरी करता येते का?

बहुतेक राज्यांत नाही. प्रायमरी हरलेल्याला त्याच निवडणुकीत अपक्ष म्हणून उभं राहता येऊ नये असे कायदे आहेत. एक वाट उरते ती म्हणजे मतदारांनी मतपत्रिकेवर हाताने नाव लिहिणं, तेही राज्याच्या कायद्यात बसत असेल तर. अलास्काच्या सिनेटर लिसा मर्कोव्स्की २०१० मध्ये प्रायमरी हरल्या आणि अशा हाताने लिहिलेल्या मतांवर नोव्हेंबरात जिंकल्या. त्यांच्या प्रचारात लोकांना आडनावाचं स्पेलिंग शिकवावं लागलं.

कॉकस म्हणजे काय?

मतपेटीऐवजी सभा. पक्षाचे मतदार ठरलेल्या संध्याकाळी शाळेत, चर्चमध्ये किंवा वाचनालयात जमतात, बोलतात आणि आपला कल नोंदवतात. आयोवा त्यासाठी प्रसिद्ध. पण रात्रपाळीचा कामगार, तान्ह्या मुलाची आई, आजारी माणूस यांना दोन तास तिथे बसणं जमत नाही, म्हणून एकेक राज्य प्रायमरीकडे वळलं.

मग पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात काय ठरतं?

आता फारसं काही नाही. पूर्वी ठरायचं. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकाही प्रायमरीत न उतरता शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. बाहेर रस्त्यावर व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निदर्शनं आणि पोलिसांचा लाठीमार चालू होता. त्या संतापातून नियम बदलले आणि १९७२ पासून प्रायमरीचं वजन निर्णायक झालं. २०२४ मध्ये बायडन यांनी २१ जुलैला माघार घेतली आणि कमला हॅरिस प्रायमरी न लढता उमेदवार झाल्या. हा अलीकडचा एकमेव मोठा अपवाद.

प्रचार कसा चालतो? सभा, रोड शो, कर्णे?

सभा असतात, टीव्हीवरच्या जाहिरातींचा भडिमार असतो, पण निम्मं काम दारोदार होतं. शनिवारी सकाळी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये किंवा पक्षाच्या छोट्या ऑफिसात स्वयंसेवक जमतात. प्रत्येकाला एक भाग वाटून दिलेला असतो. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये घरांची यादी येते, डेमोक्रॅट्सकडे त्यासाठी ‘मिनिव्हॅन’ हे अ‍ॅप प्रचलित आहे. यादीत गल्लीतलं प्रत्येक घर नसतं. एक सोडून तिसरं, मग थेट कोपऱ्यावरचं, असं चालावं लागतं, कारण ज्यांच्याशी बोलून फरक पडेल अशीच नावं वर काढलेली असतात. बेल वाजवायची, नाव घेऊन विचारायचं, आणि उत्तरानुसार एक ते पाच आकडा नोंदवायचा: एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का समोरचा. घरात कुणी नसेल तर पत्रक दाराच्या मुठीला अडकवायचं. टपालपेटीत टाकायचं नाही. टपालाचं तिकीट न लावता पेटीत काही टाकणं संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि नवख्या स्वयंसेवकाला हे सगळ्यात आधी बजावलं जातं.

ज्यांनी पालिकेच्या निवडणुकीत मतदारयादी घेऊन चाळीचे जिने चढले आहेत त्यांना हे काम लगेच ओळखीचं वाटेल. फरक असा की शेवटचे ४८ तास प्रचार बंद ठेवण्याचा नियम तिथे नाही. मतदानाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन आणि दारं चालूच राहतात. बंदी असते ती केंद्राभोवतीच्या ठरावीक अंतरात, बऱ्याच राज्यांत शंभर फूट.

मत गुप्त असतं ना? मग उमेदवाराला मतदाराबद्दल इतकं कसं कळतं?

कुणाला मत दिलं ते गुप्तच असतं. पण मत दिलं की नाही, ही सरकारी नोंद उमेदवारांना आणि पक्षांना मिळते. तुमचं नाव, पत्ता, कोणत्या वर्षी कोणत्या निवडणुकीला मतदान केलं, आणि तीसच्या आसपास राज्यांत तुम्ही नोंदवलेला पक्षसुद्धा. पक्ष या यादीला इतर माहिती जोडतात आणि प्रत्येक मतदाराला गुण देतात: हा आपला असण्याची शक्यता किती, आणि हा घराबाहेर पडण्याची शक्यता किती. टपाली मतपत्रिका परत पोहोचली की तेही यादीत दिसतं, आणि त्या घराचे फोन थांबतात. फोन नको असतील तर लवकर मतदान करणं हा तिथला खात्रीचा उपाय आहे.

नोंदणी मात्र बऱ्याच राज्यांत स्वतः करावी लागते. अठरा पूर्ण झाले म्हणून कुणी फॉर्म घेऊन घरी येत नाही. १९९३ च्या कायद्यामुळे ड्रायव्हिंग लायसन्स काढताना नोंदणीची सोय झाली. नॉर्थ डकोटा या एकाच राज्यात नोंदणी लागतच नाही.

एवढा पैसा येतो कुठून आणि मर्यादा किती?

आपल्याकडे लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा आहे, मोठ्या राज्यांत ९५ लाख. अमेरिकेत खर्चाला मर्यादा नाही. १९७६ च्या बक्ली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रचारावरचा खर्च म्हणजे अभिव्यक्ती, त्यावर कमाल मर्यादा घालता येणार नाही. मर्यादा आहे ती देणगीवर. २०२५-२६ साठी एका व्यक्तीला संघराज्य पातळीच्या एका उमेदवाराला एका निवडणुकीत ३,५०० डॉलर देता येतात. प्रायमरी आणि मुख्य निवडणूक वेगळी धरतात. एकूण देणगी २०० डॉलरच्या वर गेली की तुमचं नाव, व्यवसाय आणि कुठे नोकरी करता हे जाहीर होतं आणि ते कुणीही घरबसल्या शोधू शकतो.

इथवर ठीक. पण २०१० मध्ये ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्याचा निकाल आला, पाठोपाठ खालच्या न्यायालयाचा आणखी एक निकाल आला, आणि सुपर पॅक नावाच्या, प्रचारासाठी पैसा जमवणाऱ्या समित्या जन्माला आल्या. सुपर पॅक उमेदवाराला थेट पैसे देऊ शकत नाही, त्याच्याशी ठरवून जाहिराती करू शकत नाही, पण त्याच्या बाजूने किंवा विरोधात हवा तेवढा खर्च करू शकते. देणगीला वरची हद्दच नाही. २०२४ मध्ये एलॉन मस्क यांनी ट्रम्प आणि रिपब्लिकन उमेदवारांसाठी २५ कोटी डॉलरहून अधिक ओतले. शिवाय काही ना-नफा संस्था देणगीदारांची नावं न सांगता खर्च करतात. ३,५०० डॉलर देणाऱ्या शिक्षिकेचं नाव जगजाहीर आणि कोट्यवधी देणारा अनामिक, हा अन्याय आहे आणि तो दुरुस्त व्हायला हवा.

पैशाने सगळं विकत मिळतं असंही नाही. २०२० मध्ये मायकल ब्लूमबर्ग यांनी स्वतःचे १०० कोटी डॉलर खर्च केले आणि डेमोक्रॅटिक प्रायमरीत जिंकलं ते फक्त अमेरिकन सामोआ, पॅसिफिकमधला एक छोटा बेटांचा प्रदेश.

मतदारसंघाच्या रेषा कोण आखतं?

बहुतेक राज्यांत विधिमंडळ, म्हणजे सत्तेतला पक्षच. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी मंजूर केलेला एक मतदारसंघ सॅलमँडर या प्राण्यासारखा दिसत होता. तेव्हापासून या प्रकाराला ‘जेरीमँडरिंग’ म्हणतात. पद्धत सोपी आहे. विरोधकांचे मतदार दोन-तीन मतदारसंघांत कोंबायचे, उरलेले इतके विखरायचे की कुठेच बहुमत होऊ नये. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की पक्षीय फायद्यासाठीच्या अशा आखणीत संघराज्याची न्यायालयं पडणार नाहीत.

कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना, मिशिगन अशा राज्यांनी स्वतंत्र आयोग नेमले. पण २०२५ मध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता रिपब्लिकन पक्षाच्या सोयीचा नवा नकाशा केला, आणि उत्तरादाखल कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबरात आयोगाचा नकाशा बाजूला ठेवायला मंजुरी दिली. अशा आखणीमुळे ४३५ पैकी खऱ्या चुरशीच्या जागा थोड्याच उरतात, आणि बाकी ठिकाणी निर्णय पुन्हा प्रायमरीत जातो.

मतपत्रिका एवढी लांब का असते?

कारण एकाच कागदावर अध्यक्षापासून शेरीफपर्यंत (काउंटीच्या पोलीसप्रमुखापर्यंत) सगळे असतात: सिनेटर, खासदार, गव्हर्नर, राज्याचे आमदार, पुष्कळ ठिकाणी न्यायाधीश आणि शाळा मंडळाचे सदस्य, शिवाय करवाढीचे किंवा कायद्याचे प्रस्ताव. बरेच लोक वरची दोन-तीन नावं भरून थांबतात. मुलांच्या शाळेचं बजेट ठरवणारी ओळ खाली कोरीच राहते.

ईव्हीएम वापरतात का?

आपल्यासारखं यंत्र आता क्वचितच. बहुसंख्य मतदार कागदी मतपत्रिकेवर पेनाने गोल भरतात आणि ती स्कॅनरमधून जाते. मोजणी यंत्र करतं, कागद फेरमोजणीसाठी राहतो.

निकाल कोण जाहीर करतं, आणि कधी कधी इतका उशीर का लागतो?

त्या रात्री आपण ऐकतो तो निकाल असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा आणि टीव्ही वाहिन्यांचा अंदाज असतो, अतिशय काळजीपूर्वक काढलेला. अधिकृत आकडे काउंटी आणि राज्यं नंतर प्रमाणित करतात. २०२० मध्ये मतदान मंगळवारी ३ नोव्हेंबरला झालं आणि बायडन जिंकल्याचं शनिवारी ७ तारखेला कळलं. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार टपाली मतांची पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडता येत नाहीत, आणि कोविडच्या त्या वर्षी ती लाखोंनी आली होती. उशिरामागचं कारण एवढं साधं होतं. त्यातून उठलेल्या अफवांची किंमत मात्र त्या देशाने ६ जानेवारी २०२१ ला, ट्रम्प समर्थकांचा जमाव संसदेत घुसला तेव्हा, संसदेच्या पायऱ्यांवर मोजली.

२०२६ मध्ये काय आहे?

मिडटर्म, म्हणजे अध्यक्षाच्या मुदतीच्या मधोमध येणारी निवडणूक, ३ नोव्हेंबरला. सरकार पडलं म्हणून ही निवडणूक होत नाही, तिची तारीख ठरलेलीच असते. हाउसची मुदत दोनच वर्षं, त्यामुळे सगळ्या ४३५ जागा, सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश आणि ३६ राज्यांचे गव्हर्नर.

कुणी मराठी माणूस तिथे निवडून आला आहे का?

श्री ठाणेदार. जन्म चिकोडीचा, वाढले बेळगावात. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी त्यांनी स्वतःचे लाखो डॉलर घालून डेमोक्रॅटिक प्रायमरी लढवली आणि ते तिसरे आले. पुढे राज्याच्या सभागृहात गेले, आणि २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघात नऊ जणांच्या प्रायमरीत तीस टक्क्यांहून कमी मतांवर पहिले आले. तो मतदारसंघ डेमोक्रॅटिक असल्याने नोव्हेंबरची लढत सोपी गेली. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी खासदारकीची शपथ घेतली. प्रायमरी किती निर्णायक असते हे कळायला त्यांचा प्रवास पाहावा.

मी एच-वन-बी वर किंवा ग्रीन कार्डवर आहे. मला काय करता येतं?

अध्यक्ष, संसद किंवा राज्याच्या निवडणुकीत मतदान नाही. ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात फॉर्म भरताना मतदार नोंदणीचा रकाना येतो आणि ‘तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का’ असा प्रश्न असतो. घाईत तिथे ‘हो’वर खूण करू नका. नागरिक असल्याचा खोटा दावा हा देशाबाहेर काढलं जाण्यापर्यंत जाऊ शकतो, आणि चुकून झालं हे सिद्ध करणं फार अवघड असतं. काउंटरवरच्या माणसाने आपणहून ‘नोंदणी करून टाकू का’ विचारलं तरी नाही म्हणा.

देणगीचा नियम वेगळा आहे. ग्रीन कार्डधारक देऊ शकतो, एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावरचा माणूस देऊ शकत नाही, दहा डॉलरसुद्धा नाही. पण बिनपगारी स्वयंसेवक म्हणून दारोदार जाणं, फोन करणं दोघांनाही चालतं, फक्त ग्रीन कार्ड नसलेल्याने प्रचाराचे निर्णय घेण्यात भाग घ्यायचा नाही. आणि शहर परिषदेच्या किंवा शाळा मंडळाच्या बैठकीत नागरिकांसाठी राखलेल्या वेळात उभं राहून बोलता येतं. बहुतेक ठिकाणी नाव आणि राहण्याचं गाव सांगितलं की दोन-तीन मिनिटं मिळतात.